पालखीआधी आबांना फ्लूची लस द्यावी का?

आलेले पत्र : "डॉक्टर, नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. घरात सासरे (वय ७३), सासूबाई (वय ६८), आम्ही दोघे आणि सहा वर्षांचा मुलगा असतो. नणंद सातवा महिना लागल्यावर बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पंधरा वर्षांपूर्वी माळ घातली तेव्हा विडी सोडली, पण त्याआधी चाळीस वर्षे ओढली होती. आता त्यांना सीओपीडी (फुप्फुसांचा दम्यासारखा जुनाट आजार) आहे आणि श्वासाचे दोन पंप चालू आहेत. सासूबाईंना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. आमच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना फ्लूची लस घ्यायला सांगितली. आबा नको म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली होती, पण तिसऱ्या दिवसापासून आठ दिवस सर्दी-खोकल्याने पडून होते. 'लसच बाधली' असे त्यांचे मत आहे. शेजारच्या काकांना तर लस घेऊनही फ्लू झाला. सासूबाईंना सुईच्या जागी रक्त थांबणार नाही असे वाटते, नणंदेला बाळाची काळजी वाटते, आणि सगळ्यांचे मिळून दहा-बारा हजार होतात तो विचार वेगळाच. महिन्याभरात आबा दिंडीबरोबर आळंदीहून निघतील. ही लस अंड्यात तयार करतात असे दिंडीतल्या कोणीतरी सांगितल्यापासून तर ते या विषयावर बोलतच नाहीत. काय करावे?"

ताई, नमस्कार.

आधी थेट उत्तर देते. आबा, सासूबाई आणि तुमच्या नणंदबाई या तिघांनीही फ्लूची लस घ्यावी, आणि आबांनी ती पालखी निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी घ्यावी, कारण टोचल्यानंतर शरीरात पुरेसे संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तुमच्या हातात महिना आहे, म्हणजे वेळ आहे, पण फार नाही.

तुम्ही अंड्याची गोष्ट पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मला मात्र ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आठ दिवसांच्या सर्दीबद्दल माणूस वाद घालतो. ज्या गोष्टीने मनाला खरोखर टोचणी लागते, त्याबद्दल तो गप्प होतो. आबा गप्प झाले आहेत, म्हणून त्यांच्या मनातला प्रश्न हाच असावा असे मी धरून चालते आणि त्याचे खरे उत्तर देते.

दिंडीतल्या त्या माणसाने सांगितले ते खरे आहे. जगभरातल्या बहुतेक फ्लूच्या लशी आजही कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून तयार केल्या जातात. १९४० च्या दशकापासून ही पद्धत चालत आली आहे. अंड्यात वाढवलेला विषाणू बाहेर काढून रसायनाने मारला जातो, त्याचे तुकडे केले जातात, ते शुद्ध केले जातात, आणि अखेरीस अर्धा मिलिलिटरच्या सुईत जे उरते त्यात विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिने असतात. तरीही अंड्यातील प्रथिनांचा अत्यल्प अंश त्यात राहतो. हे आबांपासून लपवू नका. "काही नाही हो, ताकदीचे इंजेक्शन आहे" असे सांगून माळकऱ्याला लस टोचणे मला मान्य नाही, आणि तुम्हालाही ते पुढे सलत राहील.

माझ्याकडे येणाऱ्या माळकरी मंडळींपैकी एका आजोबांनी हाच प्रश्न मला विचारला होता. मी वर लिहिले तेवढेच त्यांना सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. ते त्यांच्या फडावरच्या ज्येष्ठांना विचारून आठवड्याने परत आले आणि बाही वर करून समोर बसले. जिभेच्या चवीसाठी खाणे वेगळे आणि देह राखण्यासाठी वैद्याने दिलेले औषध वेगळे, असे त्या ज्येष्ठांनी त्यांना सांगितले होते. दुसऱ्या एका गृहस्थांनी मात्र सगळे ऐकून घेऊन नम्रपणे नकार दिला, आणि मी तो मानला. त्यांच्या घरच्या बाकी सगळ्यांना लस देऊन त्यांच्याभोवती जेवढे कुंपण घालता आले तेवढे घातले. आबांनाही हा प्रश्न त्यांच्या दिंडीच्या विणेकऱ्यांना किंवा ज्यांचा शब्द ते मानतात त्यांना विचारू द्या. तुम्ही सून म्हणून वाद घालण्यापेक्षा हा पुढचा मजकूर त्यांना वाचून दाखवा.

माउली, नमस्कार. तुमची दोन वर्षांपूर्वीची तक्रार मी खोटी म्हणत नाही. तुम्ही आजारी होता हे नक्की. पण तो आजार लशीचा होता का, हे दिवस मोजून पाहू. आपल्याकडे दंडात टोचतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊच शकत नाही. ती टोचल्यावर जो त्रास होतो तो बहुधा पहिल्या-दुसऱ्या दिवशी होतो : दंड दुखतो, थोडी कणकण येते, अंग मोडून येते, आणि एक-दोन दिवसांत सगळे ओसरते. नाक वाहणे आणि घसा धरणे हा लशीचा त्रास नव्हे. तुमचा त्रास तिसऱ्या दिवशी सुरू झाला, त्यात सर्दी होती, खोकला होता आणि तो आठ दिवस चालला. याचा अर्थ लस घेण्याच्या आगेमागे तुम्हाला कुठल्या तरी दुसऱ्या विषाणूची लागण झाली होती. सर्दी-पडसे करणारे विषाणू पुष्कळ आहेत आणि ही लस त्यांतल्या एकट्या फ्लूच्या विषाणूवर काम करते. आणि तो फ्लू असेल असे धरले, तरी दोन आठवड्यांच्या आत गाठले म्हणजे लशीला उभे राहायला सवडच मिळाली नव्हती.

शेजारच्या काकांचे म्हणाल, तर तेही खरे असू शकते. ही लस गोवराच्या लशीइतकी पक्की नाही. त्या वर्षी फिरणारा विषाणू आणि लशीतला विषाणू यांचा मेळ बरा बसला, तर एकंदर लोकसंख्येत डॉक्टरांकडे जावे लागेल असा फ्लू होण्याचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. वय झालेल्यांत परिणाम याहूनही कमी असू शकतो, कारण वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती तयार करण्याची ताकद मंदावते. म्हणजे लस घेतलेल्या काहींना फ्लू होणारच. मग ती घ्यायची कशासाठी? त्यासाठी मी माझ्या एका रुग्णाची गोष्ट सांगते.

निवृत्त मुख्याध्यापक, वय ७६, साखर आणि रक्तदाब दोन्ही. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. ताप नव्हता. "दोन दिवस जेवत नाहीत, आणि काल रात्री मोरीत पडले," एवढीच तक्रार होती. गुरुजींना मी वार विचारला, तर ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी आपल्या शाळेचे नाव सांगितले. बोटाला ऑक्सिजन मोजायचे यंत्र लावले तेव्हा आकडा ८६ होता. फ्लू होता, आणि तो फुप्फुसात उतरला होता. म्हाताऱ्या माणसांत फ्लू असाही येतो, ताप न येता, नुसता गोंधळ आणि अन्नावरची वासना जाणे एवढ्याच खुणांनी, आणि घरच्यांना ते वय वाटते. दहा दिवस रुग्णालयात काढून गुरुजी घरी आले, पण माडीवर त्यांची पुस्तके होती तिथे ते पुन्हा कधी चढू शकले नाहीत. त्या वर्षी मे महिन्यात ते माझ्याकडे साखर दाखवायला येऊन गेले होते आणि लशीचा विषय मी काढला नव्हता. तेव्हापासून दरवर्षी वैशाखात मी साठीपुढच्या प्रत्येकाला विचारते.

लस यासाठी आहे. फ्लू झालाच तर तो अंथरुणावरच निभावावा, न्यूमोनियापर्यंत आणि ऑक्सिजनपर्यंत जाऊ नये, आणि उठल्यावर माणसाला आपल्या पायांवर पूर्वीसारखे चालता यावे, हे तिचे काम. आणि माउली, आळंदी ते पंढरपूर चालायचे ते याच पायांवर आणि याच फुप्फुसांवर.

इथे आबांसाठीचा मजकूर संपला. ताई, आता बाकीचे तुमच्याशी बोलते.

फ्लू हा थंडीतला आजार असल्याचा समज आपल्याकडे बाहेरच्या बातम्यांवरून झाला आहे. युरोप-अमेरिकेत तो खरा आहे, आणि आपल्या देशात काश्मीरसारख्या भागातही. महाराष्ट्रात मात्र फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास येते आणि दुसरी लहान लाट जानेवारी ते मार्चच्या दरम्यान दिसते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात, ऑगस्टच्या सुरुवातीलाच झाला होता. तो काळ आपल्याकडच्या अनेकांना अजून आठवतो. स्वाइन फ्लूचा तोच एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा भाग झाला आहे आणि दरवर्षीच्या लशीत त्याच्याविरुद्धचा घटक असतो. म्हणून "स्वाइन फ्लूची लस" आणि "फ्लूची लस" या दोन वेगळ्या लशी समजू नका.

विषाणू रूप बदलत राहतो, आणि लशीने मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरत जाते. ती दरवर्षी घ्यावी लागते याची कारणे हीच दोन. दोन वर्षांपूर्वीची आबांची लस आज त्यांच्या उपयोगाची नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. या कामाला जगभरातल्या ज्या प्रयोगशाळा नमुने आणि माहिती पुरवतात त्यांत पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थाही आहे. आपण नकाशावर उत्तर गोलार्धात असलो, तरी आपला फ्लू पावसाळ्यात येत असल्याने, एप्रिल-मेच्या सुमारास बाजारात येणारी दक्षिण गोलार्धाची नवी लस आपल्या वेळेला बरोबर जुळते. खोक्यावर वर्ष, गोलार्ध आणि मुदतीची तारीख छापलेली असते. टोचण्याआधी ती वाचून घ्या. तीन प्रकारांविरुद्धची लस घ्यावी की चार, असा घोळ मेडिकलवाले घालतात. चौथा प्रकार, म्हणजे बी-यामागाता, मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने आढळलेला नाही, म्हणून आता तीनही पुरेत. काही देशांत ६५ वर्षांपुढच्यांसाठी जास्त मात्रेची लस वापरतात. तुमच्या डॉक्टरांकडे ती असेल तर आबांसाठी जरूर विचारा, पण ती मिळेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. साधी लस वेळेवर घेतलेली बरी.

सासूबाईंबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण घरात सगळ्यांचे लक्ष आबांच्या दम्याकडे असते आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, असे मी बहुतेक घरांत पाहते. फ्लू हा फक्त छातीचा आजार नाही. शरीरात जी दाहाची लाट उसळते तिने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयावर ताण पडतो, आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्यांना तो ताण सोसवत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातील एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासणीने फ्लू सिद्ध झालेल्या रुग्णांत पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सहा पट आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात बांगलादेशासह आठ देशांतल्या रुग्णांना, त्यांतल्या बहुतेकांना नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला होता, रुग्णालयातच एका गटाला फ्लूची लस आणि दुसऱ्या गटाला नुसते मिठाचे पाणी टोचले. वर्षभरात लस मिळालेल्या गटात २.९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. अँजिओप्लास्टी झालेल्या बाईंसाठी ही लस म्हणजे हृदयाच्या औषधांतलेच एक औषध आहे, असे मी मानते. त्यात मधुमेह. तापात साखर चढते, चढलेल्या साखरेने जंतुसंसर्ग बळावतो, आणि ते चक्र घरी थांबवणे कठीण जाते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या लशीच्या आड येत नाहीत. सुई बारीक असते. टोचल्यावर कापसाने दोन-तीन मिनिटे घट्ट दाबून धरायचे, चोळायचे नाही, एवढीच काळजी. दंडावर लहानसा काळानिळा डाग आला तर घाबरू नये. मात्र लस घ्यायची म्हणून त्या गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत, हे त्यांना तुम्ही स्वतः बजावून सांगा. माझ्या अनुभवात आपल्या बायका अशा वेळी न विचारता गोळी सोडतात. लशीच्या दिवशी नाश्ता, साखरेची गोळी, सगळे नेहमीप्रमाणे. उपाशीपोटी जायची गरज नाही.

नणंदबाईंच्या बाबतीत माझे मत अगदी स्पष्ट आहे. दंडात टोचायची मृत विषाणूंची लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात देता येते आणि जगभरात असंख्य गरोदर स्त्रियांनी ती घेतली आहे. गरोदरपणात फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयाचे काम वाढते आणि प्रतिकारशक्तीचा तोल बदलतो, म्हणून फ्लू झाला तर तो गरोदर बाईला इतर तरुण बायकांपेक्षा जास्त छळतो. पण लशीचे दुसरे कारण मला अधिक मोठे वाटते. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. सातव्या महिन्यात आईने लस घेतली की तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळाकडे जातात, आणि भर पावसाळ्यात जन्मणारे ते बाळ पहिले काही महिने आईच्या शिदोरीवर निभावते. नाकात फवारायची जिवंत विषाणूंची लसही असते. ती मात्र गरोदर बाईला देत नाहीत, आणि तुमच्या सासू-सासऱ्यांसाठीही ती नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन राहिले असेल, तर तेही त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते.

खर्चाचा प्रश्न तुम्ही संकोचाने लिहिला आहे, तसा संकोच करू नका. खासगी दवाखान्यात एका लशीला दोन हजारांच्या आगेमागे खर्च येतो आणि प्रत्येक घराला तो एकदम पेलत नाही. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबासारखे आजार असलेल्यांना सरकारी दवाखान्यांतून ही लस मोफत देण्याचे पाऊल उचलले. साठा सगळीकडे आणि सदासर्वदा असतोच असे नाही. म्हणून आधी तुमच्या आशाताईंना आणि उपजिल्हा रुग्णालयात विचारा, आणि तिथे मिळाली तर नणंदबाई व सासूबाईंची तिथेच घ्या. पैसे पुरवून वापरायचे असतील तर माझा क्रम असा : आबा, सासूबाई आणि नणंद यांच्यात पुढे-मागे करू नका. चौथा तुमचा मुलगा. उरले तुम्ही दोघे, तुमचे पुढच्या महिन्यात झाले तरी चालेल.

मुलाला चौथा धरला याचे नवल वाटेल. फ्लू घरात येतो तो बहुधा शाळेच्या दप्तराबरोबर, आणि जूनच्या मध्याला शाळा सुरू होतील. जपानमध्ये १९६२ ते १९८७ या काळात बहुतेक शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जात असे. पुढे सक्ती सैल झाली आणि १९९४ मध्ये ती पूर्ण उठली. नंतर संशोधकांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की मुलांना लस दिली जात होती त्या वर्षांत दरवर्षी अंदाजे ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, आणि ते मुख्यत: म्हाताऱ्या माणसांचे होते. नातू रात्री आबांच्या कुशीत झोपत असेल, तर नातवाचा दंड म्हणजे आबांचाच दंड. मुलाने याआधी ही लस कधी घेतली नसेल, तर पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतील, तेवढी तजवीज करा.

लस कोणी घेऊ नये, हेही सांगते. पूर्वी याच लशीने अंगावर जोराची ॲलर्जी उठली असेल, श्वास अडकला असेल, तर घेऊ नये. पूर्वीच्या लशीनंतर सहा आठवड्यांत हातापायांची ताकद जाण्याचा गियाँ-बारे नावाचा आजार झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये; लशीमुळे तो होण्याची शक्यता दहा लाखांत एक-दोन इतकी कमी मानली जाते. नुसते अंडे खाल्ल्यावर पित्त उठते, हे आता अडचणीचे कारण मानत नाहीत. आबांच्या पंपात स्टेरॉइड असेल तरी हरकत नाही. मात्र त्या दिवशी ताप असेल किंवा दमा उसळलेला असेल, तर तो उतरेपर्यंत थांबा. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा.

आणखी एक गोष्ट, जी लिहून ठेवली जात नाही आणि म्हणून चुकते. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मागच्या मे महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांनी सकाळी तालुक्याच्या मेडिकलमधून लस घेतली होती, मग बँकेचे काम उरकले, एसटीने आले आणि दुपारी दोनला शर्टाच्या खिशातून खोके काढून माझ्या टेबलावर ठेवले. खोके हाताला गरम लागत होते. ती सुई मी टोचली नाही. त्यांचे दोन हजार रुपये गेले आणि मला ते सांगताना फार जड गेले. तुम्ही दवाखान्यातच ठेवलेली लस टोचून घ्या. बाहेरून आणावीच लागली, तर दुकानदाराकडून थंड डबीत घ्या आणि तडक दवाखाना गाठा. बर्फाला थेट चिकटवू नका, घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नका, कारण गोठलेली लसही तितकीच निकामी होते.

आबांना सीओपीडी आहे, त्यामुळे न्यूमोनियाच्या लशीबद्दलही त्याच भेटीत विचारा. ती दरवर्षी घ्यावी लागत नाही आणि फ्लूच्या लशीबरोबर एकाच दिवशी घेता येते.

राहिली वारी. जाऊ नका असे मी त्यांना सांगणार नाही. ते त्यांची छाती तपासणारे डॉक्टर ठरवतील, आणि त्यांच्याकडे निघण्याआधी एकदा न्यावेच लागेल. पण तयारी करून पाठवा. आजपासून आठवडाभर रोज सकाळी ते शांत बसलेले असताना बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन मोजून वहीत लिहा. सीओपीडीच्या माणसाचा नेहमीचा आकडा ९८ नसतो. कोणाचा ९५ असतो, कोणाचा ९२. त्यांचा नेहमीचा माहीत असेल, तरच घसरलेला ओळखता येईल. दोन्ही पंप एक-एक जास्तीचे द्या, पावसात भिजणार नाहीत अशा पिशवीत औषधांची चिठ्ठी, लशीची तारीख आणि तुमच्या यजमानांचा फोन नंबर ठेवा, आणि तशीच एक चिठ्ठी दिंडीतल्या सोबत्याकडे द्या. मुक्कामाच्या तंबूत खोकणाऱ्याशेजारी पथारी पडली तर जागा बदलून घ्यावी, गर्दीत मास्क लावावा.

आणि दिंडीतल्या त्या सोबत्याला हे सांगून ठेवा, कारण खुणा त्यालाच आधी दिसतील. सरकारच्या उपचारांच्या नियमांत ६५ वर्षांपुढचे, गरोदर आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले फ्लूसदृश रुग्ण जोखमीच्या गटात येतात. त्यांना साधा ताप-खोकला असला तरी तपासणीच्या निकालाची वाट न पाहता ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध सुरू करायचे असते, आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. म्हणून "उद्या बघू, पुढच्या मुक्कामाला बघू" असे करायचे नाही. पालखीमार्गावर आरोग्य विभागाची पथके असतात, त्याच दिवशी दाखवायचे. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले, ओठ किंवा नखे निळसर दिसली, थुंकीत रक्त आले, बोलण्यात गोंधळ वाटला, किंवा ऑक्सिजनचा आकडा नेहमीपेक्षा तीन-चारने खाली गेला, तर थेट रुग्णालय. लस घेतलेली असली तरीही.

माझे म्हणणे आबांना पटले, तर या आठवड्यातच त्यांना घेऊन जा आणि सासूबाईंनाही त्याच फेरीत न्या. दोघे एकमेकांच्या शेजारी बसले की माणसे सहसा मागे फिरत नाहीत. आबांनी विणेकऱ्यांना विचारायचे ठरवले, तर तो विचार येत्या चार दिवसांत होऊ द्या, म्हणजे पुढचे दोन आठवडे लशीसाठी उरतील. आणि नकारच आला, तर मला पुन्हा लिहा. त्यांचे ऑक्सिजनचे आकडे आणि चालू औषधांची नावे सोबत पाठवा, म्हणजे लशीविना पावसाळा कसा काढायचा ते आपण ठरवू.